निवडक पैदास आणि नैसर्गिक निवड यांत नेमका फरक काय? शेवटी दोन्हीकडे निवडच होते ना?

होते, पण निवडणारा एकीकडेच असतो. निवडक पैदाशीत पुढच्या पिढीचे आई-बाप माणूस ठरवतो, तेही त्याला हवा तो गुण पाहून. नैसर्गिक निवडीत कुणीच काही ठरवत नाही. आहे त्या परिस्थितीत ज्याची संतती जास्त टिकते, त्याचे गुण वाढत जातात. बाकी यंत्रणा एकच: जीवाजीवांत फरक हवा आणि तो वंशात उतरायला हवा. डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवड मांडताना पहिलं प्रकरण पाळीव प्राणी आणि पिकांवर लिहिलं, ते उगाच नाही.

तुम्ही नाशिकचे आहात म्हणून कांद्यावरूनच सांगतो. निफाडचा एन-५३ काय किंवा पिंपळगावचा बसवंत ७८० काय, हे इथल्याच गावरान कांद्यातून निवड करत तयार झालेले वाण आहेत.

कांदा पहिल्या हंगामात पोसतो आणि दुसऱ्या हंगामात दांडा काढून बी देतो. पण उन्हाळ कांद्याच्या वावरात काही झाडांना थंडीत पहिल्याच वर्षी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. शेतकऱ्याच्या हिशेबी तो कांदा वाया: मान जाड, आत कडक दांडा, साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही. झाडाच्या हिशेबी मात्र त्याने बाजी मारली, कारण इतरांच्या निम्म्या वेळात त्याचं बी तयार. वावर तसंच सोडून दिलं तर लवकर दांडा काढणाऱ्यांचीच संख्या वाढत जाईल. म्हणून डेंगळ्यांचं फुकटचं बी धरणं सगळ्यात महागात पडतं. निवड तुम्हीच करता, पण नेमकी नको त्या दिशेने.

बी धरायचं तर काढणीलाच कांदे निवडा, तेही वावराच्या मधून. बांधाकडेचा किंवा तूट पडलेल्या जागेतला कांदा मोठा होतो तो मोकळ्या जागेमुळे. तो मोठेपणा बियात उतरत नाही. निवड फसते ती बहुतेक इथे. (थंडीचा कडाका किंवा जास्त वयाची रोपं यामुळे चांगल्या वाणालाही डेंगळे येतात, तेव्हा वाणाला दोष देण्याआधी लागवडीची तारीख आठवा.) रंग एकसारखा, मान बारीक, जोडकांदा नाही, व्यास ४.५ ते ६ सेंमी, वजन ६० ते ८० ग्रॅम असे कांदे चाळीत ठेवा. ऑक्टोबरपर्यंत सडलेले आणि कोंब फुटलेले बाजूला काढा. लवकर कोंब येणं हा दोष आपल्या लेखी; निसर्गात तोच कांदा आधी उगवला असता. लागवडीआधी वरचा एक तृतीयांश भाग कापून पाहा आणि एकाच डोळ्याचे, म्हणजे आत एकच कोंब असलेले, तेवढे लावा.

कांद्यात परागीभवन मधमाश्या करतात, त्यामुळे दुसऱ्या वाणाचे गोंडे (कांद्याच्या फुलांचे गुच्छ) जवळ नकोत. प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर, ज्यातून ते तयार होतं त्या पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर धरतात. शेजारच्या वावरातले फुललेले डेंगळेही यात धरा, ते हटकून विसरले जातात. मोजक्याच कांद्यांवर बी धरू नका. जवळच्या नात्यात संकर होत गेला की दोन-तीन पिढ्यांत जोम घटतो. निदान दोन-तीनशे कांदे हवेत. कांदा ते कांदा एक पिढी म्हणजे दोन वर्षं, हेही ध्यानात ठेवा.

दोन्ही निवडी एकाच वावरात चालताना पाहायच्या असतील तर द्राक्षबाग बघा. बिनबियांची थॉमसन वेल माणसाने निवडली आणि काडीवर वाढवली. रानात, बीच नसताना, तिचा वंश फार चालला नसता. त्याच वेलीवरच्या डाऊनी (केवडा) रोगाची बुरशी मात्र कुणी निवडलेली नसते. एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीने मारणारं, बुरशीनाशक लागोपाठ मारलं की त्यातून वाचणारे मोजके बीजाणू तेवढे पुढे वाढतात. ही नैसर्गिक निवडच. फवारणारा माणूस असला तरी त्याला तो गुण नको असतो. बुरशीपुरता तो परिस्थितीचाच भाग. अॅझोक्सीस्ट्रोबिन या बुरशीनाशकाच्या गटाला डाऊनी अशीच दाद देईनाशी होते. तेव्हा डब्याचं नाव बदलून भागत नाही, लेबलवरचा गट बघा. नाव नवं आणि गट जुनाच असेल तर वाचलेल्या बुरशीला ती फवारणी जड जाणार नाही.