स्थलांतरितांमुळे शाळागळती वाढते का?

"बाहेरून आलेल्या मुलांमुळे अमेरिकेत गळती वाढली, आकडेच सांगतात," असं तुमच्या मित्राचं म्हणणं आहे. त्याला आधी तक्त्याखालची तळटीप वाचायला सांगा.

वादात नेहमी फेकला जाणारा आकडा असा निघतो: १६ ते २४ वयाचे जे शाळेत नाहीत आणि ज्यांच्याकडे बारावीचं किंवा त्या तोडीचं प्रमाणपत्र नाही, ते सगळे गळालेले. आता एखादा पोरगा मायदेशात सातवीतच शाळा सोडून, अठराव्या वर्षी थेट बांधकामावर आला. अमेरिकेतल्या शाळेचा उंबरा त्याने ओलांडलेलाच नाही, तरी गळतीत मोजला गेला! युरोपात वयोगट १८ ते २४ आणि व्याख्या थोडी वेगळी, पण खोट तीच. म्हणून आकडा हातात आला की पहिला प्रश्न: ही मुलं कितव्या वर्षी आली? पाचव्या वर्षी आलेले आणि सोळाव्या वर्षी आलेले एकाच रकान्यात असतील तर तो तक्ता बाजूला ठेवा.

दुसरा घोळ नववीपासून चार वर्षांत किती उत्तीर्ण झाले, या आकड्यात. कुटुंब मायदेशी परतलं तर मुलाचं नाव तुकडीतून वगळता येतं, पण लेखी पुरावा लागतो. तो नसला की मूल छेदात राहतं आणि शाळेचा टक्का घसरतो.

गळती होत नाही असं नाही. ती उशिरा आलेल्यांत होते. बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, इतिहासाचं उत्तर लिहिण्याइतकी यायला ५ ते ७ लागतात. त्यात जुनी गुणपत्रकं नसली की आधी शिकलेलं धरलंच जात नाही आणि १७ वर्षांचा मुलगा १४ वर्षांच्या पोरांबरोबर नववीत बसतो. तो कंटाळून कामाला लागला की "यांना शिक्षणाची किंमतच नाही" म्हणणारे तयारच असतात.

कुणी मुलांना घेऊन अमेरिकेला निघत असेल तर आठवीपासूनची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि विषयवार अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी घ्या, प्रमाणित भाषांतर करून ठेवा. कोणते विषय धरले ते प्रवेशाच्या वेळीच लेखी मागा. भाषा कच्ची म्हणून गणितही खालच्या इयत्तेचं देतात, तिथे अडून बसा. वास्तव्याची कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही; 'प्लायलर विरुद्ध डो' हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे.

अर्थात, हा सल्ला अमेरिकेपुरता. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते, त्यामुळे तिथे नवव्या वर्षी पोचलेलं मूलही उशिरा आलेलंच.