पारदर्शकता, पारगमन आणि तावदान

प्रश्न असा आहे: इमारतीतल्या उजेडाचं संगणकावर सिम्युलेशन करताना खिडकीच्या काचेला ‘पारदर्शकता ०.८८’ दिली, तरी खोलीतला उजेड हिशेबापेक्षा बराच कमी भरतो. शिवाय ट्रान्समिटन्स आणि ट्रान्समिसिव्हिटी या दोहोंना मराठीत पारदर्शकताच म्हणायचं ना?

नाही. दोहोंपैकी एकालाही नाही. ‘सत्तर टक्के पारदर्शक काच’ हे कानावर पडलं की माझं डोकं उठतं. पारदर्शक म्हणजे जिच्यातून पलीकडचं स्पष्ट दिसतं ती. उजेड किती आत येतो, हा प्रश्नच वेगळा. गडद काळसर काच वीस टक्केच उजेड सोडते, पण तिच्यातून पलीकडच्या माणसाच्या सदऱ्याची बटणं मोजता येतात, ती पारदर्शक. उलट घासून दुधी केलेली काच भरपूर उजेड आत घेते, पण पलीकडे माणूस उभा आहे की कपाट, ते कळू देत नाही. ती पारभासी. (तिला ‘अर्धपारदर्शक’ म्हणणाऱ्यांनी नेमकं कुठलं अर्धं दिसतं ते सांगावं.) सॉफ्टवेअर हा भेद आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळतं. ग्रेग वॉर्डने लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिलेल्या ‘रेडियन्स’ या उजेडाच्या सिम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये पहिल्या जातीसाठी ‘ग्लास’ आणि दुसरीसाठी ‘ट्रान्स’ अशी दोन वेगळी मटेरियल आहेत. उजेड मोजणारे बरेच प्रोग्राम आतून रेडियन्सच चालवतात, त्यामुळे तुमच्या पडद्यावर नाव काहीही असलं तरी गाठ बहुधा याच दोघांशी असते.

आता ती ट्रान्समिटन्स-ट्रान्समिसिव्हिटीची जोडगोळी. शाळेत रोध आणि रोधकता शिकलात ना? रोध त्या विशिष्ट तारेचा, रोधकता तांब्याची. तोच साचा इथे वापरा: ट्रान्समिटन्स म्हणजे पारगमन, ट्रान्समिसिव्हिटी म्हणजे पारगामिता. दोन्हींसमोर ‘पारगम्यता’ छापून मोकळं होणाऱ्या परिभाषाकारांशी माझं भांडण आहे. माती पाण्याला पारगम्य असते. तो शब्द तिथे कामाला लागलेला आहे, त्याला दुहेरी पाळी कशाला? आणि ‘पारेषण’ वीजवाल्यांनी नेलं, ते परत मागू नये.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, तुमचा हरवलेला उजेड इथेच आहे. पारगमन म्हणजे बाहेरून पडलेल्या उजेडापैकी अखेर आत पोचला तो वाटा. दोन्ही पृष्ठांवरून परत फिरलेला उजेड त्यातून आधीच वजा झालेला असतो. पारगामिता म्हणजे काचेच्या अंगात शिरलेल्या उजेडापैकी दुसऱ्या पृष्ठापर्यंत टिकला तो. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला, तर सरळ पडणाऱ्या किरणातला सुमारे ४.३ टक्के उजेड प्रत्येक पृष्ठावरून परततो. म्हणून पारगामिता पुरती १ असली तरी पारगमन ०.९२ च्या वर जात नाही. काच बनवणाऱ्याच्या तक्त्यात छापलेलं असतं पारगमन. रेडियन्सचं ‘ग्लास’ मागतं पारगामिता. ०.८८ पारगमनाला ०.९६ पारगामिता लागते. ढोबळ हिशेब हवा असेल तर तक्त्यातल्या आकड्याला १.०९ ने गुणा. तुम्ही ०.८८ तसाच टाकलात तर प्रोग्राम परावर्तन पुन्हा वजा करतो आणि उरतं ०.८१. काही प्रोग्राम हे रूपांतर स्वतःच करून घेतात, तेव्हा रकान्यावर कुठला शब्द आहे तो नीट वाचा, नाहीतर उलट्या दिशेने चुकाल.

पण ०.८१ ने खोली ‘बराच कमी’ म्हणण्याइतकी अंधारत नाही. माझा संशय असा की तुम्ही काच जाडीसकट, डब्यासारखी काढली आहे. ‘ग्लास’चं एकच पृष्ठ म्हणजे अख्खी काच, दोन पृष्ठं काढलीत तर किरण दोन काचा ओलांडतो. ०.८१ गुणिले ०.८१ म्हणजे जेमतेम ०.६६. दुहेरी काचेची खिडकीसुद्धा एकाच पृष्ठाने काढावी आणि संपूर्ण खिडकीचं पारगमन धरून पारगामिता काढावी. जाडीचा खरा ठोकळा हवा असेल तर रेडियन्समध्ये ‘डायइलेक्ट्रिक’ हे मटेरियल आहे, पण ते खिडकीला लावू नका. सूर्याचा थेट किरण त्यातून नीट शोधला जात नाही आणि खोली काळवंडते.

खरं तर या ‘ग्लास’ला काच म्हणणंच चूक आहे. काच हा पदार्थ. बिनजाडीचं, उजेड आत सोडणारं एक पान, याला मराठीत सुरेख शब्द पडून आहे: तावदान. आणि तावदान म्हणजे कागदाच्या तावासारखा काचेचा ताव, हे जे ठोकून दिलं जातं ते सोडून द्या. मग ‘दान’ कुठून आलं? फारसीत ‘ताबदान’ म्हणजे उजेडासाठी ठेवलेली खिडकी किंवा झरोका. ताब म्हणजे तेज, झळाळी. दान म्हणजे ठेवायची जागा, पानदान-कलमदानातलं. हे दान संस्कृत दानाचं कोणी नव्हे, राजधानीतल्या ‘धानी’चं भावंड आहे. आणि ताब संस्कृत तापाचा सख्खा भाऊ, म्हणजे तावदानाला संस्कृत कपडे चढवले तर ‘तापधान’! गंमत पुढेच आहे. हाच ताब आफताबात, म्हणजे सूर्यात आहे, आणि आफताबगीर मराठीत येऊन अबदागीर झाली. एकाच घराण्यातलं तावदान ऊन आत घेतं आणि अबदागीर ते डोक्यावर अडवते. उजेड आणि उष्णता या लोकांनी एकाच धातूत बांधल्या होत्या, हे मला फार आवडतं.

तुमच्या तक्त्यात मात्र त्या वेगळ्या छापलेल्या असतात. दृश्य प्रकाशाच्या पारगमनाशेजारीच सौर उष्णता गुणांक, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा आत येणारा वाटा, बसलेला असतो, तोही शून्य ते एकमधलाच, आणि घाईत तोच उचलला जातो. उष्णता अडवणाऱ्या लेपाच्या काचेत तो पारगमनापेक्षा बराच लहान असतो. तुमचा ०.८८ साध्या काचेचा आहे, तेव्हा इथे तो घोळ नसावा. पण पुढची काच लेपाची घेतलीत तर आकडा ताबाचा आहे की तापाचा, ते आधी बघा.