आकाशही हवे आणि चेहराही हवा
वाचकांचे प्रश्न : उघड्यावरील व्यक्तिचित्रे आणि फ्लॅश

प्रश्न : मी दापोली तालुक्यात लग्नाची आणि लग्नापूर्वीची छायाचित्रे काढतो. बहुतेक जोडप्यांना मागे समुद्रावर मावळता सूर्य हवा असतो. चेहरे सांभाळावेत तर आकाश पांढरेफटक होते आणि आकाश सांभाळावे तर चेहरे काळवंडतात. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून पाहिला, पण त्यात माणसे कापून चिकटवल्यासारखी दिसतात. चुकते कुठे?

उत्तर : अडचणीचे मूळ किनाऱ्याच्या दिशेतच आहे. कोकणचा समुद्र पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पूर्वेकडच्या मंदावलेल्या आकाशाचा तेवढा उजेड पडतो, आणि मागे तर साक्षात सूर्य असतो. चेहऱ्यावर वेगळा प्रकाश आणल्याशिवाय ही दरी भरून निघत नाही, त्यामुळे फ्लॅश वापरण्याचा आपला निर्णय योग्यच आहे. मात्र फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रात दोन एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची मापे) एकत्र आलेली असतात, एक आकाशाचे आणि एक फ्लॅशचे, आणि ती दोन्ही स्वतंत्रपणे ठरवावी लागतात, हे आधी मनात पक्के करावे.

फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा, १/६० सेकंद उघडे राहिले काय किंवा १/२०० सेकंद राहिले काय, चेहऱ्यावर फ्लॅशचा प्रकाश तेवढाच पडतो. आकाश मात्र शटर जितका वेळ उघडे राहील तितके उजळत जाते. म्हणून शटर स्पीड हे आकाशाचे नियंत्रण आणि फ्लॅशची ताकद व अंतर हे चेहऱ्याचे नियंत्रण, असे समजून चालावे. ॲपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) बदलले तर दोन्हींवर परिणाम होतो, म्हणून ते एकदा ठरवून तसेच ठेवावेत.

कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सारी मापे हाताने ठरवण्यावर, ठेवावा आणि आधी फ्लॅश बंद करून केवळ आकाश पाहावे. समजा सूर्यास्ताला अर्धा तास असताना आयएसओ १०० वर एफ/८ (हे ॲपर्चरचे माप) आणि १/१०० सेकंद असे माप येते. शटर १/२०० केले की आकाश एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, गडद होते आणि डोळ्यांना दिसणारे रंग छायाचित्रात उतरू लागतात. आता चेहरे जवळजवळ काळे दिसतील. त्याने घाबरून जाऊ नये. त्यानंतर फ्लॅश सुरू करावा. साठ ते नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) दीड मीटरवर असेल, तर साधा स्पीडलाइटही (कॅमेऱ्यावर बसणारा लहान फ्लॅश) अर्ध्या ताकदीच्या आसपास एफ/८ ला पुरेल इतका प्रकाश देऊ शकतो. अर्धी ताकद हे सुरुवातीचे माप आहे. प्रत्यक्ष छायाचित्र पाहून कमीजास्त करावे.

चिकटवल्यासारखे दिसण्याची कारणे दोन. पहिले कारण जागेचे : भिंगाच्या रेषेतून आलेल्या प्रकाशात नाकाची, हनुवटीची सावली पडत नाही आणि चेहरा सपाट होतो. फ्लॅश ट्रिगरच्या (दुरून फ्लॅश उडवणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने कॅमेऱ्यापासून दूर स्टँडवर न्यावा, डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर आणि सुमारे ४५ अंश बाजूला ठेवावा. सूर्य जोडप्याच्या डाव्या खांद्यामागे असेल तर दिवा उजवीकडून आणावा, म्हणजे केसांची एक कड सूर्य उजळतो आणि चेहऱ्याचे काम फ्लॅश करतो. दुसरे कारण रंगाचे. फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगाचे माप), म्हणजे दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. भोवतालची वाळू, पाणी, केस सारे सोनेरी असताना चेहरेच तेवढे पांढरे दिसले तर डोळा ते लगेच ओळखतो. फ्लॅशच्या तोंडावर फिकट नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावावे. नाटकाच्या प्रकाशयोजनेत हे काम आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आले आहे, आणि एवढ्या स्वस्त वस्तूने छायाचित्रात इतका फरक पडत असताना बहुतेक जण ती पिशवीतही ठेवत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

जोडप्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. दिवा नवऱ्यापासून एक मीटरवर आणि नवरीपासून दीड मीटरवर असेल, तर नवऱ्यावर सव्वादोन पट प्रकाश पडतो. दिवा मागे नेऊन हीच अंतरे तीन आणि साडेतीन मीटर केली, तर फरक दीडपटीपेक्षाही कमी उरतो. अर्थात तेवढ्या अंतरावरून ताकद बरीच वाढवावी लागते आणि प्रकाशाचा मऊपणाही थोडा कमी होतो. समुद्रावरच्या वाऱ्यात सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो आणि स्टँडचे पाय वाळूत रुततात, म्हणून स्टँडला वाळूची पिशवी अडकवावी. दिवा धरायला माणूस असेल तर उत्तमच.

प्रश्न : आमच्याकडे मुहूर्त बहुधा दुपारचे असतात. उन्हात मागचे अंगण धूसर यावे म्हणून मी ॲपर्चर एफ/२.८ ठेवतो; मग शटर फार वेगवान होते आणि फ्लॅश लावला की छायाचित्रात काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक वापरले तर प्रकाश अगदी कमी पडतो. फ्लॅश खराब आहे का?

उत्तर : फ्लॅश खराब नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात आणि साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच संपूर्ण सेन्सर (प्रतिमा टिपणारा भाग) एकाच वेळी उघडा असतो. त्याहून वेगवान शटरमध्ये दुसरा पडदा आधीच निघालेला असतो. त्याने झाकलेला भाग म्हणजे आपला काळा पट्टा. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश अतिशय वेगाने लुकलुकत राहून तो पट्टा घालवतो, पण त्यात ताकद विखुरते आणि दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक प्रकाश गमवावा लागतो.

लख्ख उन्हात आयएसओ १०० वर एफ/२.८ ला शटर १/४००० च्या आसपास जाते. भिंगावर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी करडी काच) लावला की ते १/२५० वर येते आणि फ्लॅश सरळ वापरता येतो. मात्र एनडी फ्लॅशचाही प्रकाश तेवढाच अडवतो, त्यामुळे ताकद वाढवावी लागते. याआधी मी एक वेगळाच सल्ला देईन : वधूवरांना ओसरीच्या किंवा आंब्याच्या सावलीच्या कडेला आणावे. तिथे उन्हाशी झुंज नसते, आणि पांढऱ्या थर्माकोलच्या एका पत्र्यानेही पुष्कळदा काम भागते.

प्रश्न : फ्लॅशऐवजी एलईडी दिवा घ्यावा का?

उत्तर : तिन्हीसांजेनंतर तो चांगला, कारण प्रकाश कसा पडतो हे आधीच दिसते. भर उन्हात बॅटरीवरचा लहान एलईडी उजेडात हरवून जातो.

प्रश्न : नवरी सावळी असेल तर घरचे लोक चेहरा उजळ करायला सांगतात. फ्लॅश वाढवला की चेहरा चमकतो आणि पैठणीची जर पांढरी होऊन जाते. काय करावे?

उत्तर : फ्लॅश वाढवू नये. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारात असते; एक्स्पोजर वाढवले की ते चढउतार पुसले जातात आणि उरतो तो घामाचा व मेकअपचा तजेला. त्याऐवजी दिवा मोठा करावा, म्हणजे मोठी अंब्रेला किंवा सॉफ्टबॉक्स जवळ आणावा, आणि तो इतका बाजूला घ्यावा की गालाच्या हाडावर प्रकाशाची एक मऊ उतरण दिसेल. मोठ्या प्रकाशात जरही नुसती चकाकत नाही. तिची वीण दिसते. टीटीएल फ्लॅश (ताकद आपोआप ठरवणारा) जरीच्या चकाकीने आणि गडद शालूने फसतो, म्हणून ताकद हाताने ठरवावी. घरच्यांना समजावताना वाद घालण्यापेक्षा दोन्ही प्रकारची छायाचित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेजारी दाखवावीत, आणि पहिली दाखवायची ती नवरीला.