पूर्णांकांतून परिमेयांत

प्रश्न : पूर्णांकांची रिंग (बेरीज-गुणाकार असलेली रचना) परिमेय संख्यांच्या रिंगेत बसवणाऱ्या होमोमॉर्फिझमला (बेरीज-गुणाकार जपणाऱ्या फलनाला) एपिमॉर्फिझम म्हणतात. पण १/२ वर तर काहीच येत नाही. मग हे कसे?

उत्तर : रिंगांच्या बाबतीत एपिमॉर्फिझम म्हणजे आच्छादक (पलीकडच्या प्रत्येक घटकावर काहीतरी येणारे), ही समजूत आधी सोडा. अट एवढीच, की त्यापुढची दोन होमोमॉर्फिझम मूळ रिंगेतून आलेल्या घटकांवर सारखी असतील, तर ती सगळीकडे सारखी असली पाहिजेत. परिमेयांवरची फ आणि ग ही होमोमॉर्फिझम पूर्णांकांवर सारखी असतील, तर
फ(१/२) = फ(१/२)·ग(२)·ग(१/२) = फ(१/२)·फ(२)·ग(१/२) = ग(१/२).
ग(२) च्या जागी फ(२) आले, सगळा जीव त्या पायरीत आहे. २ ऐवजी शून्येतर कुठलाही पूर्णांक चालतो.

सिल्टिंग मॉड्यूलकडे जाताना मात्र एवढ्यावर भागत नाही. (मॉड्यूल म्हणजे रिंगेतल्या घटकांनी गुणता येणारी, सदिश अवकाशासारखी रचना; टिल्टिंग म्हणजे इतर मॉड्यूलांची नीट वर्गवारी करून देणारे खास मॉड्यूल, आणि सिल्टिंग हे त्याचे व्यापक रूप.) परिमेयांचा परिमेयांशी पहिला टॉर (टेन्सर गुणाकारात अचूकता किती बिघडते ते मोजणारा गट) शून्य लागतो. तो आहे, म्हणून परिमेय ⊕ (परिमेय/पूर्णांक), म्हणजे या दोघांची थेट बेरीज, हे टिल्टिंग, अर्थात सिल्टिंगही, मॉड्यूल मिळते. पूर्णांकांतून मॉड्युलो ५ च्या (५ ने भागल्यावरच्या बाक्यांच्या) रिंगेत जाणारे होमोमॉर्फिझम चक्क आच्छादक आहे, पण तिथे पहिल्या टॉरमध्ये ५ घटक उरतात आणि ही रीत अडते.