रिकामा डबा

"मॅडम, मी स्वतःचा विचार केला तर ख्रिस्ती म्हणून कमी पडते का हो?" हा प्रश्न मला वर्षभर वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो, जास्त करून चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांकडून, म्हणून एक केस सांगते. ताईंना विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय ४८, नगरकडच्या एका मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या. संडे स्कूल यांच्याकडे, महिला मंडळ यांच्याकडे, कुणाकडे मयत झाली की तिथला स्वयंपाकही याच बघणार, आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही आणि सारखी चिडचिड होते म्हणून. बोलता बोलता कळलं की गर्भाशयात गाठी आहेत, हिमोग्लोबिन ७ वर आलंय, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि यांनी ते दोनदा पुढे ढकललंय, एकदा नाताळच्या कार्यक्रमासाठी आणि एकदा कुणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठी! मंडळीत कुणालाच पत्ता नाही, नवऱ्यालाही अर्धंच सांगितलेलं. का नाही सांगितलं, तर म्हणाल्या, "लोकांना उगाच काळजी लागेल ना."

आता इथे "आधी स्वतःवर प्रेम करा" असं सांगून मोकळं होता येतं, पण मी ते केलं नाही, कारण ताईंची सेवा खोटी नव्हती आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट पातळ करून सांगणं मला पटत नाही. मी विचारलं, कुठलं वचन मनात घोळतं? लगेच फिलिप्पै २, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या बायबलमधल्या पत्राचा दुसरा अध्याय, तोंडपाठ, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना इथपासून ते ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि ११ व्या वचनाला थांबल्या. म्हटलं थांबू नका, तोच अध्याय पुढे वाचा.

२५ व्या वचनाला एपफ्रदीत येतो. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीला पाठवलेला माणूस, पौल तेव्हा बंदिवासात. हा तिथे मरणाच्या दारी जाईपर्यंत आजारी पडला आणि त्याला दुःख कशाचं, तर आपल्या आजाराची बातमी घरच्या मंडळीला कळली याचं. ताई वाचता वाचता थांबल्या, परत वाचलं, आणि रडायलाच लागल्या. मी काही बोलले नाही बराच वेळ.

मग पुढचं वाचलं. पौलाला त्याची गरज होती तरी त्याने त्याला घरी पाठवलं, आणि मंडळीला लिहिलं की आनंदाने त्याला जवळ घ्या, अशांचा मान राखा. एपफ्रदीताची सेवा कमी पडली म्हणून त्याला एक शब्द बोललेला नाही. दुसऱ्यांना आधी ठेवा हे शिकवणाऱ्याच अध्यायात हे आहे, फक्त आपण तिथपर्यंत वाचत नाही.

आठवडाभर ताईंना एकच काम दिलं, प्रत्येक "हो" वहीत लिहायचं आणि शेजारी लिहायचं की मनापासून म्हटलं की "नाही म्हटलं तर काय म्हणतील" म्हणून म्हटलं. अर्ध्याहून जास्त दुसऱ्या प्रकारचे निघाले. त्यांनाच धक्का बसला. पण मयतीच्या घरचा स्वयंपाक मात्र पहिल्या प्रकारात होता, तो सोडायचा नाही असं आमचं ठरलं, फक्त ऑपरेशननंतर.

ईस्टर झाल्यावर ऑपरेशन झालं. पाळकसाहेबांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं. महिला मंडळातून पाळीपाळीने डबे यायला लागले, सासूबाईंचं बघायला नणंद आली. तर चौथ्या दिवशी या टाके सांभाळत किचनमध्ये उभ्या, कारण डबा रिकामा परत कसा द्यायचा! फोनवर मी म्हटलं, ताई, महिनाभर रिकामाच द्या. गप्प झाल्या.

दहाएक दिवसांनी परत फोन आला. "मॅडम, आज दिला. चिमूटभर साखर पण नाही घातली."