माळवद उतरवून पत्रे टाकताना

माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छत, उतरवून पत्रे टाकण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरील अशाच जड छतांखाली माणसे गाडली गेली, हे आपण विसरू शकत नाही. काम मात्र मृगापूर्वी संपवावे. माती एकाच कोपऱ्यातून न उकरता थराथराने, सगळीकडून सारखी उतरवावी, अन्यथा वाळवी लागलेली तुळई अचानक मोडू शकते. आपल्याकडे पावसाळी वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून टाकत यावे, म्हणजे पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडात पाणी शिरत नाही. उताराच्या दिशेने पत्रे एकमेकांवर किमान ६ इंच चढवावेत. छिद्रे पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडावीत आणि रबरी वॉशरशिवाय एकही हुक कसू नये.