अमेरिकेत आमच्याकडे आलेल्या वडिलांचा हृदयातला स्टेंट तिसऱ्यांदा ब्लॉक झालाय, डॉक्टर आतून रेडिएशन द्यायचं म्हणतात. कॅन्सर नसताना रेडिएशन कशाला? केस गळतील का?

केस गळणार नाहीत. मी अमेरिकेतच एका हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रेडिएशनचा हिशोब सांभाळणारी, आहे. ही प्रोसिजर चालते तेव्हा स्टॉपवॉच बहुतेक वेळा माझ्याच हातात असतं.

धमनी रुंदावणाऱ्या फुग्याने आणि ती उघडी ठेवणाऱ्या स्टेंटच्या जाळीने धमनीची भिंत दुखावते. ती भरून यायला पेशी वाढतात आणि काहींच्या बाबतीत वाढतच राहतात. स्टेंटच्या जाळीतून आत आलेला तो बराचसा जखमेचा वणच. भराभर वाढणाऱ्या पेशींना रेडिएशन आवरतं, म्हणून ते इथेही चालतं.

आधी फुग्याने वाट मोकळी करतात. मग कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-90 च्या, तांदळाच्या कणीएवढ्या मण्यांची माळ जाते. ती ढकलतं काय, तर सिरिंजमधलं निर्जंतुक पाणी! पडद्यावर माळेच्या दोन्ही टोकांच्या खुणा जागेवर दिसल्या की मी घड्याळ सुरू करते. तीन ते पाच मिनिटं कुणी फारसं बोलत नाही. मग पाण्याच्याच जोरावर माळ परत. अडकलीच तर कॅथेटरसकट टाकायला शेजारी ॲक्रिलिकचा डबा तयार असतो. मण्यांतून निघणारे बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात आणि शरीरात काहीच उरत नाही. नातवंडांना खुशाल मांडीवर घेऊ देत.

अमेरिकेत याला 2000 साली मान्यता मिळाली. पण लवकरच औषधाचा लेप असलेले स्टेंट आले, 2006 च्या चाचण्यांत तेच सरस ठरले आणि हे तंत्र जवळपास अडगळीत गेलं. आता तेच स्टेंट ज्यांचे पुन्हापुन्हा भरतात, त्यांच्यासाठी ते परत काढलंय. स्टेंटमध्ये स्टेंट किती वेळा घालणार? मार्च 2024 मध्ये इथे हृदयाच्या धमन्यांतल्या अशाच ब्लॉक झालेल्या स्टेंटसाठी औषधी लेपाच्या फुग्यालाही मान्यता मिळाली. तो का नको, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

खरी काळजी गोळ्यांची. रेडिएशनने धमनीचं आतलं अस्तरही उशिरा भरतं, त्यामुळे बऱ्याच महिन्यांनीही गुठळी होऊ शकते. क्लोपिडोग्रेलसारखी, गुठळी होऊ न देणारी गोळी जास्त काळ घ्यावी लागते ती यासाठीच. बाबा भारतात परतल्यावर दात काढायचा म्हणून कुणी ती थांबवायला सांगितली, तर आधी इथल्या कार्डिओलॉजिस्टना फोन करा.

आणखी एक विचारून ठेवा: फुगा जिथवर फुगवणार, त्याच्या दोन्ही बाजूंना माळ थोडी पुढे जाईल ना? कडा सुटल्या तर पुढचं ब्लॉकेज तिथेच येतं.